काम स्थलांतरित होते तेव्हा : जव्हार-मोखाडा परिसरातील वारली चित्रकाराच्या स्वतंत्र व्यवसायाचे संरक्षण

प्रास्ताविक

जागतिकीकरणाच्या चर्चेत 'ऑफशोअरिंग' हा शब्द प्रामुख्याने संगणक क्षेत्राच्या संदर्भात वापरला जातो. एखाद्या देशात होणारे काम कमी खर्चात करून घेण्यासाठी दुसऱ्या देशात पाठविणे, असा त्याचा साधा अर्थ होय. १९९० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांना या प्रक्रियेचा मोठा लाभ झाला. सन २००० च्या संगणकीय तारीख-बदलाच्या प्रश्नाने तर भारतीय प्रोग्रामरांसाठी अमेरिकेतील कामाची दारे उघडली. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाच्या मनात ऑफशोअरिंग म्हणजे 'आपल्याकडे येणारे काम' अशी प्रतिमा तयार झाली. काम येते तसे जातेही, ही दुसरी बाजू मात्र आपल्याकडे फारशी अभ्यासली गेली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी बाजू होय. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत बहुसंख्य लोकसंख्या आदिवासी असून वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आदी जमाती येथे राहतात. या परिसरात कोणाच्याही कायम नोकरीत नसलेला, एकेक ऑर्डर घेऊन उपजीविका करणारा जो कुशल व्यावसायिक आहे, त्यात वारली चित्रकाराचा समावेश होतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो स्वतंत्र कंत्राटदारच आहे. त्याच्या कामाचा कोणता भाग अन्यत्र जाऊ शकतो, कोणता जाऊ शकत नाही, कायदा त्याला कोठपर्यंत साथ देतो आणि महाविद्यालय या बाबतीत काय करू शकते, या चार प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

माणसाचे स्थलांतर आणि कामाचे स्थलांतर

जव्हार-मोखाड्याला स्थलांतर नवे नाही. भात, नागली, वरई ही खरिपाची पिके घरात आली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि रेतीच्या कामांवर वाडा, भिवंडी, वसई या भागांकडे जातात. मुलांच्या शाळा सुटतात, मालकाकडून घेतलेली उचल फेडता फेडता उन्हाळा संपतो आणि पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येते. काम जेथे आहे तेथे माणसाने जावे, हे या स्थलांतराचे सूत्र होय. १९७२ च्या दुष्काळातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि २००५ मध्ये केंद्राने तशाच स्वरूपाचा राष्ट्रीय कायदा केला. त्यामागील एक महत्त्वाचा हेतू हे स्थलांतर थोपविण्याचा होता.

वारली चित्रकाराच्या बाबतीत सूत्र उलटे होते. येथे माणूस गावातच राहतो, परंतु त्याच्या हातचे काम निघून जाते. साडीच्या काठावरील तारपानृत्य, भेटवस्तूवरील लग्नचौक, हॉटेलच्या भिंतीवरील शेतीची दृश्ये यांना मागणी असते, पण ती मागणी पुरविणारा हात गावातला असेलच असे नाही. एकदा चित्राची संगणकीय प्रत तयार झाली की छपाई सुरतेत होते की सातासमुद्रापार, याने खरेदीदाराला फरक पडत नाही. कोरड्या हंगामात घरबसल्या मिळू शकणारी ऑर्डर अशा रीतीने गेली, तर त्या घरापुढे पुन्हा वीटभट्टीचाच पर्याय उरतो. म्हणजेच कामाचे स्थलांतर अखेरीस माणसाच्या स्थलांतरात परिणत होते. या प्रश्नाचे गांभीर्य या ठिकाणी आहे. रोजगार हमीसारखे संरक्षण मात्र या दुसऱ्या प्रकारच्या स्थलांतरासाठी उपलब्ध नाही.

भिंतीवरून बाजारात

वारली चित्र मुळात विकण्याची वस्तू नव्हते. लग्नप्रसंगी घरातील गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. चौकात पालघट देवीची स्थापना होई. हे काम सवाशिणींचे असे आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय तो विधी पूर्ण होत नसे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर उतरली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या रूपाने तिला जागतिक कीर्तीचा चित्रकार लाभला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

भिंतीवरून कागदावर येताना दोन बदल घडले. पहिला असा की, विधीच्या प्रसंगी चौक लिहिणाऱ्या स्त्रीच्या जागी बाजारासाठी चित्र काढणारा पुरुष आला. दुसरा बदल व्यवसायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. भिंतीवरचे चित्र त्या घरापासून वेगळे करता येत नव्हते, कागदावरचे चित्र मात्र प्रसंगापासून, स्थळापासून आणि चित्रकारापासून वेगळे करता येऊ लागले. जी वस्तू अशी सुटी होते तिचे उत्पादनही अन्यत्र नेता येते. कलेला बाजारपेठ मिळवून देणाऱ्या बदलातच तिचे काम निसटण्याचे बीजही होते.

कोणते काम जाते, कोणते राहते

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्ये ऑफशोअरिंगविषयी एक उपयुक्त भेद मांडला. त्यांच्या मते प्रश्न केवळ अधिक शिक्षण वा कमी शिक्षण असा नाही. गुणवत्ता न घटता दूरवरून पोहोचविता येणारी सेवा आणि प्रत्यक्ष उपस्थितीवाचून अर्थ न राहणारी सेवा, असा तो भेद आहे. पहिल्या प्रकारचे काम उच्चशिक्षिताचे असले तरी जाऊ शकते, दुसऱ्या प्रकारचे काम अल्पशिक्षिताचे असले तरी टिकते.

हा निकष वारली चित्राच्या एखाद्या ऑर्डरला लावून पाहता तिचे साधारणतः पाच टप्पे पडतात : विषयाची कल्पना, रचनेचे रेखाटन, प्रत्यक्ष रंगकाम, प्रती काढणे आणि वस्तूवर चढविणे. यांपैकी शेवटचे दोन टप्पे सर्वांत आधी बाहेर जातात, कारण ते पूर्णपणे सूचनांत मांडता येतात. त्यानंतर रंगकाम जाते. ठरावीक आकृत्यांचा संच एकदा तयार झाला की दोन त्रिकोणांचा माणूस, सूर्य, झाड, बैलगाडी यांची जुळणी कोणीही करू शकतो. अलीकडच्या काळात तर चित्रनिर्मिती करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हीच जुळणी क्षणार्धात करतात, त्यामुळे काम दुसऱ्या देशातही न जाता थेट यंत्राकडे जाते.

टिकून राहतो तो भाग निराळा आहे. एखाद्या संस्थेच्या भिंतीवर जागेवरच चित्र काढणे, त्या भिंतीच्या आकारमानाप्रमाणे व तेथील लोकांच्या कथेप्रमाणे रचना बांधणे, कार्यशाळेत शिकविणे, चौकातील प्रत्येक घटकाचा अर्थ सांगणे, देवचौक आणि लग्नचौक यांतील भेद जाणून कोणती आकृती कोठे येऊ नये हे ठरविणे, ही कामे सूचनापत्रात मावत नाहीत. मोखाडा व जव्हार परिसरातील बोहाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बोहाड्याचा मुखवटा शोभेची वस्तू म्हणून कोठेही नकलला जाऊ शकतो, परंतु उत्सवात प्रत्यक्ष नाचविला जाणारा मुखवटा नाचणाऱ्याच्या मापाचा, सोंगाच्या परंपरेला धरून आणि वेळेत दुरुस्त करून हवा असतो. तेथे कारागीर जवळ असणे हीच त्याची मोठी शाश्वती होय.

यावरून व्यवसायाचे पहिले तत्त्व निघते. उत्पन्नाचा मुख्य आधार सुट्या, पुनरावृत्त होणाऱ्या आकृत्यांवर ठेवू नये, तो प्रत्यक्ष उपस्थिती व जाणकारी लागणाऱ्या कामाकडे हळूहळू सरकवावा. सुट्या चित्रांची विक्री थांबवावी असा याचा अर्थ नव्हे. ती ओळख निर्माण करणारी विक्री म्हणून चालू ठेवावी, पण संपूर्ण घर तिच्यावर अवलंबून असू नये.

कायद्याचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

वारली चित्राशी बौद्धिक संपदेचे तीन कायदे संबंधित आहेत. ते परस्परांना पर्याय नाहीत. प्रत्येकाचे क्षेत्र व प्रत्येकाची पळवाट वेगळी आहे.

पहिला कायदा स्वामित्वहक्काचा म्हणजे कॉपीराइटचा, १९५७ चा. चित्र काढताक्षणी हा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तथापि येथे एक बारकावा आहे. चित्रकाराने स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले, तर कागद खरेदीदाराचा होतो, पण त्याच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. तेच चित्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढले असेल, तर कलम १७ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, प्रथम मालकी काम सांगणाऱ्याची ठरते. म्हणजे ऑर्डर घेऊन काम करणारा चित्रकार काहीही लिहून न घेता चित्र देतो, तेव्हा त्या चित्राच्या हजारो प्रती कोठेही छापून घेण्याचा अधिकारही तो नकळत देऊन बसतो. मौन येथे चित्रकाराच्या विरोधात जाते. कलम ५७ खालील नैतिक हक्क, म्हणजे आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक असे विकृतीकरण रोखण्याचा हक्क, मात्र मालकी गेली तरी चित्रकाराकडेच राहतो.

याखेरीज, कॉपीराइट शैलीला मिळत नाही, विशिष्ट अभिव्यक्तीला मिळतो. त्रिकोणी मानवाकृती कोणा एकाच्या मालकीची नाही, तशी असूही नये. शाळाशाळांतून मुले वारली पद्धतीची चित्रे काढतात, त्यात कलेचा प्रसारच आहे. आक्षेप आहे तो एखाद्या चित्रकाराची विशिष्ट रचना उचलून तिचा व्यापार करण्याला.

दुसरा कायदा डिझाइन कायदा, २००० हा होय. जी नक्षी या कायद्याखाली नोंदविता येण्याजोगी असूनही नोंदविलेली नाही, ती मालकाने वा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वस्तूंवर वापरली गेली की तिचा कॉपीराइट संपुष्टात येतो, अशी तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. स्वतंत्र कलाकृती आणि औद्योगिक नक्षी यांतील सीमारेषा नाजूक आहे. ती कशी ठरवावी याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मार्गदर्शक कसोटी दिली. चित्रकाराने यातून घ्यावयाचा व्यावहारिक बोध साधा आहे : कापड, मग अथवा टाइल्ससाठीच नक्षी करून द्यावयाची असेल, तर ती प्रसिद्ध होण्यापूर्वी डिझाइन म्हणून तिची नोंदणी करावी. आधी प्रसिद्ध झालेल्या नक्षीला नवीनतेच्या अभावी नोंदणी मिळत नाही.

तिसरा कायदा भौगोलिक उपदर्शनाचा, १९९९ चा. तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये या कायद्याखाली नोंदणी मिळाली. हा हक्क व्यक्तीचा नसून समूहाचा आहे आणि तो विकता येत नाही. तथापि तो प्रत्यक्ष वापरण्यासाठी प्रत्येक चित्रकाराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. २०२० च्या नियम-दुरुस्तीनंतर त्याचे शुल्क नाममात्र झाले आहे. ही नोंद नसलेला चित्रकार परंपरेने वारली असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या नावाच्या संरक्षणाबाहेरच राहतो.

हद्दीचा प्रश्न

ऑफशोअरिंगच्या संदर्भात निर्णायक प्रश्न असा की, यांतील कोणता हक्क देशाची सीमा ओलांडतो. भौगोलिक उपदर्शनाची भारतीय नोंदणी भारतापुरतीच असते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील अनुच्छेद २३ चे अधिक कडक संरक्षण केवळ वाइन व मद्यांना आहे, हस्तकलांना नाही. परदेशात हक्क हवा असल्यास तेथील कायद्यानुसार स्वतंत्र प्रयत्न करावा लागतो. याउलट, बर्न कराराच्या सदस्य देशांत भारतीय चित्रकाराचा कॉपीराइट वेगळ्या नोंदणीशिवाय मानला जातो. म्हणजे समूहाचा हक्क सीमेवर थांबतो आणि व्यक्तीचा हक्क सीमा ओलांडतो. म्हणूनच करारातून व्यक्तीचा कॉपीराइट राखणे हे केवळ तांत्रिक कलम राहत नाही. परदेशी छपाईविरुद्ध चित्रकाराच्या हाती असलेले ते प्रमुख साधन आहे. परदेशात छापलेला माल भारतात येत असेल, तर २००७ च्या नियमांनुसार सीमाशुल्क खात्याकडे आपला हक्क नोंदवून तो अडविण्याची सोयही आहे.

केवळ नोंदणीने काम भागत नाही, हे कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणाने दाखवून दिले. २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळालेल्या या चपलेशी साम्य असणारी पादत्राणे जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे सादर केली. त्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते नोंदणीचे धारक नव्हते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीचा समझोता होऊन स्थानिक कारागिरांकडून पादत्राणे बनवून घेण्याचे ठरले. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हक्क ज्याच्या नावे आहे त्यानेच तो बजावावा लागतो, सहानुभूतीदारांची याचिका पुरत नाही. आणि संघटित धारक उभा असेल, तर निघून गेलेले काम काही अंशी परतही येऊ शकते.

करार आणि मोबदला

वरील विवेचनाच्या आधारे ऑर्डरच्या साध्या करारपत्रात पुढील बाबी असणे आवश्यक ठरते. पहिली, कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील असे स्पष्ट विधान. दुसरी, खरेदीदाराला दिलेल्या परवानगीची व्याप्ती : कोणत्या वस्तूवर, किती प्रती, किती काळ, कोणत्या प्रदेशात. तिसरी, संगणकीय प्रत कोणाच्या ताब्यात राहील आणि ती तिसऱ्या व्यक्तीस देता येईल का, याचा खुलासा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी ती वापरू नये, हेही आता लिहावे लागते. चौथी, वस्तूवर चित्रकाराचे व गावाचे नाव छापण्याची अट. पाचवी, मोबदल्याचे टप्पे व काम सुरू करण्यापूर्वीची आगाऊ रक्कम. जेथे पती रेखाटन करतो आणि पत्नी ठिपक्या-रेघांनी भरण करते, तेथे करारात दोघांचीही नावे असावीत. ज्या स्त्रियांनी ही कला जपली त्यांचे नाव कागदावरून नाहीसे होणे हा अन्याय होय, शिवाय संयुक्त कर्तृत्वाच्या दृष्टीने तो कायदेशीर घोटाळाही ठरू शकतो.

थकलेली रक्कम हे एकट्या कारागिराचे दुसरे दुखणे. सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू पुरवठादाराचे पैसे देण्यासाठी करारानेही ४५ दिवसांहून अधिक मुदत ठेवता येत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. त्यासाठी उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्यापूर्वीच करून ठेवणे श्रेयस्कर. येथेही सरसकट गृहीत धरून चालत नाही : २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारा आहे, मूर्तिकार आहे, परंतु चित्रकार नाही. कोणती योजना आपल्याला लागू आहे हे तपासूनच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावयास हवे.

न्यायालयात जाणे खर्चाचे आहे ही रास्त शंका आहे. तथापि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती तसेच स्त्री उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्यास पात्र असते. या तरतुदीची माहिती गावापर्यंत पोहोचविणे हे फारसे खर्चिक काम नाही.

महाविद्यालयाची भूमिका

जव्हार-मोखाड्यातील महाविद्यालयांत वाणिज्य, अर्थशास्त्र, मराठी, इतिहास आणि माहिती तंत्रज्ञान असे विविध विषय शिकविणारे प्राध्यापक एकाच आवारात असतात. वरील प्रश्न एका विद्याशाखेने सुटणारा नाही, त्यामुळे बहुविद्याशाखीय प्रयत्नास येथे खरा वाव आहे. वाणिज्य विभागाला करारपत्राचा सोप्या मराठीतील नमुना तयार करता येईल. माहिती तंत्रज्ञान विभागाला चित्रांच्या दिनांकित प्रतींची नोंदवही ठेवण्यास साहाय्य करता येईल, वाद उद्भवल्यास हीच नोंदवही पुरावा ठरते. मराठी व इतिहास विभागांना धवलेरींच्या गाण्यांचे आणि चौकांच्या अर्थाचे संकलन त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून अधिकृत वापरकर्ता व उद्यम या दोन नोंदण्यांचे अर्ज भरून घेता येतील. विशेष म्हणजे वारली घरांतील विद्यार्थी आपल्याच वर्गांत बसलेले असतात. त्यांना केवळ 'कला जपा' असा उपदेश न करता कामाचा भाव कसा ठरवावा, एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून का राहू नये आणि कोणत्या कागदावर सही करू नये, हे शिकविणे अधिक उपकारक ठरेल.

समारोप

कामाचे स्थलांतर संपूर्णपणे रोखता येणार नाही. छपाई स्वस्त होईल तेथे जाईल आणि आकृत्यांची जुळणी यंत्रे करतील. परंतु कोणते काम जाऊ द्यावे आणि कोणते धरून ठेवावे, याचा निर्णय आजवर खरेदीदार घेत आला, तो चित्रकाराला घेता यावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे लेखी करार, दोन नोंदण्या, चित्रांची नोंदवही आणि मोफत विधी साहाय्य, आज उपलब्ध आहेत. उणीव आहे ती त्यांचा उपयोग समजावून सांगणाऱ्याची. पुढील दिवाळीनंतर एखादे वारली कुटुंब भट्टीकडे न जाता गावातच ऑर्डर पूर्ण करीत राहिले, आणि त्याची मुले मार्चपर्यंत शाळेत दिसली, तर त्या कागदोपत्री श्रमांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.